पर्वतीची पायरी

आषाढीच्या वाटेवर माउलींची आणि तुकोबारायांची पालखी पुण्यात मुक्कामाला येते. माउली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या मंदिरात, तुकोबाराय नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात. ते दोन दिवस पुणे शहर आपले राहत नाही, ते वारकऱ्यांचे होते. आमचे घर पर्वतीच्या पायथ्याशी आहे. दरवर्षी एका दिंडीतली पाच-सहा माणसे आमच्याकडे जेवायला आणि पाठ टेकायला येतात. गेल्या वारीत त्यांच्यात मराठवाड्यातल्या एक वयस्कर माउली होत्या. संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा त्या गच्चीवर आल्या, पर्वतीकडे पाहून त्यांनी हात जोडले आणि विचारले, "वर देव कोन हाय, दादा?"

मला बोलायला निमित्तच मिळाले. नानासाहेब पेशवे, देवदेवेश्वर, पेशव्यांचा वाडा असे मी पंधरा मिनिटे सांगत राहिलो. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी टेकडीच्या उताराकडे बोट दाखवले. "आन् ही मधली येवढी घरं कुनाची?"

मी एका शब्दात उत्तर दिले, "झोपडपट्टी."

"म्हंजी गावच की," त्या म्हणाल्या, आणि खाली गेल्या.

ही गोष्ट मला त्या रात्री बोचली. देवाचा इतिहास सांगायला माझ्याजवळ पंधरा मिनिटे होती आणि माणसांचा सांगायला एक शब्द. वारकऱ्याच्या घरात असे होऊ नये. म्हणून पर्वतीचा इतिहास मी पुन्हा एकदा, पायथ्यापासून वर, मनाशी जुळवून पाहिला. तोच आज वाचक माउलींपुढे ठेवतो.

पर्वती हे आज पुण्याचे उपनगर. पण टेकडीवर देऊळ झाले तेव्हा ते पुण्याबाहेरचे एक लहान गाव होते. नानासाहेबांच्या आजीपेक्षाही जुनी असलेली इथली देवी नवसाला पावते अशी पंचक्रोशीत श्रद्धा होती. नानासाहेबांच्या मातोश्री काशीबाई यांच्या पायाला व्याधी होती, त्यांनी या देवीला नवस केला, गुण आला आणि त्या नवसापोटी टेकडीवर देऊळ उभे राहिले, असे सांगतात. देवदेवेश्वराची स्थापना १७४९ साली झाली. शंकर मध्यभागी, मांडीवर पार्वती आणि गणपती, चार कोपऱ्यांना चार लहान देवळे, असे ते पंचायतन आहे. पुढे कार्तिकेयाचे आणि विष्णूचे देऊळ झाले. विठ्ठल-रुक्मिणीही तिथे आहेत. पुष्कळांना हे ठाऊक नसते. पुण्याच्या पेशव्यांच्या टेकडीवरही आपला विठोबा कटीवर कर ठेवून उभा आहे.

वर जायला शंभराहून थोड्या अधिक दगडी पायऱ्या आहेत. बसक्या, रुंद, गुडघ्यांना न दुखवणाऱ्या. एका नवसाचे मूळ आईच्या दुखऱ्या पायात आहे असे म्हणतात, त्या देवळाच्या पायऱ्या अशा असाव्यात हे मला फार शोभून दिसते.

टेकडीच्या पायथ्याला आंबिल ओढा अडवून नानासाहेबांनी तळे केले. तळ्यात बेट राखले. पुढे सवाई माधवरावांच्या काळात त्या बेटावर गणपतीची स्थापना झाली, तोच आजचा सारसबागेतला तळ्यातला गणपती. तळे आता नाही, बाग आहे. त्याच सुमारास कात्रजहून नळाने पाणी पुण्याच्या हौदांत आले. म्हणजे पर्वतीचा परिसर घडला तो देव आणि पाणी या दोन गोष्टींनी. पाण्याची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

याच टेकडीने नानासाहेबांचा शेवटही पाहिला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. थोरला मुलगा विश्वासराव गेला, चुलतभाऊ सदाशिवराव गेले, लाखाच्या घरात माणसे गेली. खचलेले नानासाहेब पर्वतीवर येऊन राहिले आणि २३ जून १७६१ रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी टेकडीवर आहे. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा दुसरे बाजीराव पर्वतीवरून ती पाहत होते. एका पेशव्याने टेकडीवर देव बसवला, त्याच टेकडीवरून दुसऱ्याने राज्य जाताना पाहिले. दोघांमध्ये सत्तर वर्षांचेही अंतर नाही. उंचावरून दूरचे दिसते, एवढेच. जवळचे दिसेलच असे नाही.

आता पायथ्याला येऊ. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता. रमणा म्हणजे भिंतीने वेढलेले मोठे आवार. श्रावणात देशोदेशीचे विद्वान ब्राह्मण पुण्यात जमत आणि या आवारात त्यांना दक्षिणा वाटली जाई. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पेशव्यांनी पुढे चालवली आणि वाढवली. तिच्यात विद्येचा आदर होता हे खरेच. पण रमण्याच्या दारातून आत कोणी जायचे आणि कोणी नाही, हे माणसाच्या जन्मावर ठरत होते. ज्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून ती दक्षिणा येई, तो त्या भिंतीच्या बाहेरच होता.

इंग्रजी अंमल आला तरी दक्षिणा एकदम थांबली नाही. त्यातल्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. मग १८४९ साली लोकहितवादी आणि काही तरुणांनी मागणी केली, की या पैशाचा काही भाग मराठीत चांगली पुस्तके लिहिणाऱ्यांना द्यावा, मग लिहिणारा कोणत्याही जातीचा असो. पुण्यात गहजब झाला. त्या वेळी जोतीराव फुले या मागणीच्या पाठीशी उभे राहिले. मागणी शेवटी मान्य झाली. पर्वतीच्या पायथ्याशी एका भिंतीच्या आत वाटला जाणारा पैसा अशा रीतीने थोडासा भिंतीबाहेर आला आणि मराठीला मिळाला. संस्कृतातली गीता मराठीत सर्वांच्या ओंजळीत घालणाऱ्या माउलींच्या लेकरांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

पण देवळाच्या पायऱ्या अजून तशाच होत्या.

मराठीत एक वाक्प्रचार आहे, आपली पायरी ओळखून वागावे. म्हणजे समाजाने जी जागा ठरवून दिली तिच्या वर चढू नये. पर्वतीच्या पायऱ्यांना हाच अर्थ चिकटला होता. अस्पृश्य मानलेल्या माणसांना त्या चढून देवापर्यंत जाण्याची मोकळीक नव्हती. टेकडी रोज डोळ्यांसमोर, कळस रोज दिसणार, घंटा रोज ऐकू येणार, पण पायरी ओळखायची.

१३ ऑक्टोबर १९२९ रोजी ही पायरी ओलांडायला माणसे निघाली. दोन वर्षांपूर्वी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. पर्वतीच्या सत्याग्रहात शिवराम जानबा कांबळे होते. त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढले होते आणि देवाला मुली मुरळी म्हणून वाहण्याच्या चालीविरुद्ध आवाज उठवला होता. पां. ना. राजभोज होते. काकासाहेब गाडगीळ होते. एस. एम. जोशी होते, तेव्हा पंचविशीचे. स्पृश्य आणि अस्पृश्य एकत्र निघाले होते हे या सत्याग्रहाचे वैशिष्ट्य. वर देवळाची दारे बंद होती. सनातनी मंडळी जमली होती. सत्याग्रहींवर दगड आले, माणसे जखमी झाली. सत्याग्रह सुमारे तीन महिने चालला. देऊळ उघडले नाही. मार्च १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तोही पुढे वर्षानुवर्षे चालला.

माउली, इथे थोडे थांबून आपण आपल्याकडेही पाहिले पाहिजे. "ते पर्वतीचे, ते पेशव्यांचे देऊळ, तिथे असे झाले. आमच्यात भेद नाही," असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. मीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत होतो. पण १९२९ साली पंढरीचे महाद्वार तरी सर्वांना उघडे होते का? नव्हते. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. मंगळवेढ्यात गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून चोखोबा गेले, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून राऊळासमोर समाधी दिली, अशी आपली परंपरा सांगते. आपण त्या समाधीवर डोके ठेवत होतो, आणि चोखोबांच्या भावकीला तिथूनच परत पाठवणाऱ्या व्यवस्थेपुढे गप्पही बसत होतो. वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडतो ते खरे. वाळवंट ओलांडून पायरीपाशी आल्यावर सहाशे वर्षे आपली समता तिथेच थबकत होती, हेही तितकेच खरे.

महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. संतसज्जनांची पायधूळ मस्तकी लागावी म्हणून नामदेवरायांनी ती जागा मागून घेतली. शेजारीच चोखोबा आहेत. दोघेही दाराशीच, म्हणून आपण दोघांचे नाव एका श्वासात घेतो. पण दोघांत एक फरक आहे आणि तो विसरला तर आपण संतांवर अन्याय करू. नामदेवांनी पायरी निवडली. चोखोबांना पायरीवर ठेवले गेले. स्वतः होऊन खाली बसणे ही भक्ती आहे. दुसऱ्याला खाली बसवणे ही भक्ती नाही, मग त्या बसवण्याला आपण कितीही गोड नाव देवो. आत जायची मोकळीक असताना जो बाहेर थांबतो, त्याच्याच नम्रतेला नम्रता म्हणायचे.

हे कोडे पंढरीत सुटले ते १९४७ साली. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर हिंडून गावोगावची विहिरी आणि देवळे उघडण्यासाठी लोकांची मने वळवली. मग १ मे रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केले. ते बसले कुठे? चंद्रभागेकाठी तनपुरे महाराजांच्या मठात. एका वारकरी मठाने त्यांना जागा दिली, हे आपण अभिमानाने आठवावे. विरोध करणाऱ्यांतही विठ्ठलाचे नाव घेणारे होते, हे लाजेने आठवावे. १० मे रोजी उपोषण सुटले आणि विठोबा सर्वांचा झाला. खरे तर तो होताच, दार आता झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, आणि १९५० साली संविधानाने अस्पृश्यता कायमची रद्द ठरवली. पर्वतीच्या पायऱ्याही मोकळ्या झाल्या.

यानंतर टेकडीच्या इतिहासात पाणी पुन्हा आले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही गेले आणि मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. एका दिवसात हजारो कुटुंबे उघड्यावर आली. त्यांच्यासाठी शहराच्या कडेला पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या काही पर्वतीच्या आसपास. सहकारनगर हे नावच सांगते, की माणसांनी सहकारी संस्था करून, एकमेकांच्या आधाराने ही घरे बांधली. जे कालपर्यंत पेठेत वाड्यात राहत होते, ते आता पर्वतीच्या पायथ्याचे झाले. माझे वडील त्यांतलेच एक. भिजलेली गाथा आणि माउलींचा एक तसबिरीतला फोटो एवढेच जुन्या खोलीतून हाती लागले होते, असे ते सांगत. गाथेची पाने फुगलेली होती, ती त्यांनी एकेक करून वाळवली. आम्ही पूरग्रस्त होतो. तो शब्द आमच्या घरात कुणाला कमीपणाचा वाटला नाही, कारण लोक त्या शब्दामागचे दुःख ओळखत होते.

उतारावर माणसे आली तीही दुःखानेच आली. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर खेड्यांतली हातावर पोट असणारी कुटुंबे पुण्यात आली. कुणाची विहीर आटली होती, कुणाला विहीर नव्हतीच. शहराला त्यांचे हात हवे होते. बांधकामावर, घरकामाला, हमालीला, झाडलोटीला. पण त्या हातांच्या माणसांना राहायला शहराने जागा दिली नाही. मग त्यांनी पर्वतीच्या उतारावर दगड फोडून, माती सारून स्वतःपुरते सपाट केले. आज जनता वसाहत हे पुण्यातल्या मोठ्या झोपडवस्त्यांपैकी एक नाव आहे. तिच्या गल्ल्या नाहीत, पायऱ्याच आहेत. एका घराचे छप्पर दुसऱ्याच्या उंबऱ्याला येते. पाण्याचा हंडा घेऊन त्या पायऱ्या चढणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहत आलो आहे. देवाच्या पायऱ्या शंभर. या बायांच्या पायऱ्या रोज किती होत असतील, हे मी कधी मोजले नाही.

आम्ही पाण्याने आलो, ते पाणी नसल्याने आले. आमच्यासाठी सरकारी शब्द होता पूरग्रस्त. त्यांच्यासाठी आम्ही काढलेला शब्द होता झोपडपट्टी. एका शब्दात आपत्ती दिसते, दुसऱ्यात फक्त पत्रे दिसतात. फरक एवढाच, पण केवढा!

आणि पाणी कुणाला ओळखत नाही. खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याने जातो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सकाळी जनता वसाहतीजवळ त्याची भिंत फुटली. दांडेकर पुलाकडच्या वस्तीत पाणी शिरले, कित्येकांचे संसार वाहून गेले. त्या दिवशी मी तिथे गेलो होतो. एक बाई ओली गादी भिंतीला टेकवून, तिच्याशेजारी पोथीची पाने दगडाखाली ठेवून वाळवत होती. मला वडिलांची गाथा आठवली. मी तिच्याशी काही बोललो नाही. बोलायला हवे होते.

तर अशी ही टेकडी. वर देव आणि पेशव्यांची आठवण, पायथ्याला पुराने आणलेली माणसे, मध्ये दुष्काळाने आणलेली. तीन गावे एकावर एक वसली आहेत. सकाळी फिरायला येणारा पुणेकर पहिल्या गावाचा इतिहास वाचतो, दुसऱ्यात राहतो आणि तिसऱ्याकडे पाठ करून उगवता सूर्य पाहतो. मीही तेच करत होतो.

पालखीच्या मुक्कामाचा दुसरा दिवस उजाडला. त्या माउली म्हणाल्या, "दादा, वर जाऊन येऊ का? उद्या हडपसरहून दिवे घाट चढायचाच हाय, आज पाय मोकळे व्हतील." मी त्यांना घेऊन निघालो. पहिल्या पायरीला हात लावून तो त्यांनी कपाळाला लावला आणि तोंडाने नाम घेत न थांबता चढल्या. मी दोनदा थांबलो. वर विठोबापुढे त्या बराच वेळ उभ्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माझी आजी देवळात कधी शिरली न्हाई. शिरू देत नव्हते. लांबून कळसाला हात जोडायची. मी म्हनून ठेवलंय, मी जिथं जाईन तिथं आत जाऊन तिच्यावाटचं दर्शन घ्यायचं."

पर्वतीच्या सत्याग्रहात माणसांनी दगड का खाल्ले, याचे उत्तर मी पुस्तकांत शोधत होतो. ते उत्तर त्या टाळ सावरत देत होत्या.

उतरताना त्या मोठ्या पायऱ्यांनी आल्या नाहीत. "हिकडून जाऊ," म्हणाल्या आणि वस्तीच्या वाटेला लागल्या. इतकी वर्षे पायथ्याशी राहून ती वाट मी पहिल्यांदाच उतरलो. गळ्यात माळ आणि कपाळी बुक्का पाहून एका दारातल्या बाईने पाण्याचा तांब्या पुढे केला, मग चहा केला. तिची सासू आमच्या या पाहुण्यांच्या शेजारच्या तालुक्यातली निघाली. दोघी कुठल्याशा आटलेल्या नदीबद्दल बोलत बसल्या. घरात कोनाड्यात विठ्ठल-रुक्मिणीची तसबीर होती. दरवर्षी पालखी आली की या घरातली माणसे नाना पेठेत जाऊन दिंडीत भाकरी वाटतात, हे मला तिथे कळले. आम्ही त्याच दिंडीला जेवू घालत होतो आणि एकमेकांना ओळखत नव्हतो.

निघताना मी त्या घरातल्या आजींच्या पाया पडलो. त्या संकोचल्या, मग त्याही माझ्या पाया पडल्या. वाळवंटातली आपली रीत पर्वतीच्या उतारावर पाळायला मला एवढी वर्षे लागली. पुढच्या आषाढीला दिंडीचे एक जेवण आम्ही दोन घरे मिळून करायचे ठरवले आहे. चूल त्यांच्या दारात मांडायची. जागा अरुंद आहे, पंगत पायऱ्यांवरच बसेल.

राम कृष्ण हरी.